पित्ताशयाची नळी काढली आणि दुखणं परत आलं? १८८२ साली कार्ल लांगेनबुखने शोधलेलं उत्तर

आपल्या छत्रपती संभाजीनगरमधल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात, मग ते घाटी असो की सिडकोतलं एखादं खासगी हॉस्पिटल, सर्जरीच्या वॉर्डात एक चित्र नेहमी दिसतं. सत्तरीतले आजोबा खाटेवर पडलेले असतात. बरगडीखाली, उजव्या बाजूने एक बारीक नळी बाहेर आलेली असते आणि तिच्या टोकाला पिशवी. पिशवीत आधी गढूळ आणि मग हिरवट-पिवळं पाणी जमतं. चार-पाच दिवसांत ताप उतरतो, आजोबा चहा मागतात, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. काही आठवड्यांनी नळी काढतात. सगळे विसरून जातात. आणि दोन-तीन महिन्यांनी एका रात्री तेच दुखणं, तोच ताप, तीच धावपळ.

मग घरातला सगळ्यात तरुण माणूस, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्यासारखाच कोणीतरी, मोबाइल काढून शोधायला लागतो. नळीने सगळी घाण काढली होती ना? मग परत का झालं? डॉक्टरांचं काही चुकलं का?

या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एका माणसाची गोष्ट. त्याचं नाव कार्ल लांगेनबुख. सर्जरी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव माहीत असतं, आपल्याला मात्र सहसा नसतं. त्याला जाऊन सव्वाशे वर्षांच्या आसपास झाली, पण आजोबांच्या नळीचा प्रश्न त्याने तेव्हाच सोडवायला घेतला होता.

आधी दोन मिनिटांत: पित्ताशय म्हणजे काय?

मराठीत एक घोळ आहे. जळजळ झाली, आंबट ढेकर आले की आपण म्हणतो, पित्त झालं. ते असतं पोटातलं ॲसिड. खरं पित्त म्हणजे यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तेल-तूप पचवायला तो लागतो. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. यकृताच्या खाली चिकटलेली नासपतीच्या आकाराची छोटी पिशवी म्हणजे पित्ताशय. त्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतं. पिशवी त्यातलं पाणी शोषून त्याला दाट करते आणि आपण जेवलो की आकुंचन पावून ते आतड्याकडे ढकलते.

कधी कधी या दाट पित्तात खडे धरतात. एखादा खडा पिशवीच्या अरुंद नळीत अडकला की पित्त बाहेर पडत नाही, पिशवी फुगते, तिला सूज येते, पुढे जंतू वाढून पू होतो. डॉक्टर याला ॲक्यूट कोलेसिस्टायटिस म्हणतात. दहापैकी नऊपेक्षा जास्त रुग्णांत कारण खडाच असतो.

या घोळामुळे आपल्याकडे नुकसानही होतं. उजव्या बरगडीखाली तासन् तास दुखत असताना माणूस पित्त झालं म्हणून ॲसिडिटीची गोळी घेत बसतो आणि दवाखान्यात पोचायला दोन दिवस उशीर होतो.

कीलचा मुलगा, बर्लिनचा डॉक्टर

लांगेनबुखचा जन्म २० ऑगस्ट १८४६ रोजी उत्तर जर्मनीतल्या कील या बंदराच्या गावात झाला. गंमत बघा, त्यानंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेत बोस्टन शहरात ईथर हुंगवून बेशुद्ध केलेल्या रुग्णावर जाहीर ऑपरेशन झालं आणि भूल देऊन ऑपरेशन करता येतं हे जगाला कळलं. म्हणजे लांगेनबुख आणि आधुनिक भूल हे एकाच वर्षाचे.

तो कीलमध्येच डॉक्टरकी शिकला, १८६९ मध्ये पदवी घेतली आणि पुढे बर्लिनच्या बेथानिएन हॉस्पिटलमध्ये सर्जन रोबर्ट विल्म्स यांच्या हाताखाली तयार झाला. १८७३ साली, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी, बर्लिनच्या लाझारुस हॉस्पिटलचा तो प्रमुख झाला. हे हॉस्पिटल बेर्नाउअर रस्त्यावर होतं. पुढे १९६१ मध्ये जी बर्लिनची भिंत उभी राहिली, ती याच रस्त्यावरून गेली. लांगेनबुखने आयुष्यभर हीच नोकरी केली.

त्या काळात पोट उघडणं म्हणजे मोठी जोखीम होती. भूल होती, पण जंतूंशी लढायची कल्पना नवीन होती. कार्बोलिक ॲसिडने जखम आणि हत्यारं स्वच्छ ठेवावीत, हे जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये मांडलं. ॲन्टिबायोटिक नव्हते. एक्स-रे १८९५ पर्यंत नव्हता. सोनोग्राफीचा तर विचारही नव्हता. खडे आहेत की नाहीत हे डॉक्टरने रुग्णाची हकीकत ऐकून आणि पोटावर हात ठेवूनच ठरवायचं.

तेव्हाचा उपाय: उघडा, रिकामं करा, सोडून द्या

पित्ताशयात पू झाला तर वाट करून द्यायची, ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या जाँ-लुई पती यांनी ती सुचवली होती. १५ जून १८६७ रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात जॉन बॉब्स यांनी एका तरुण बाईचं पोट उघडलं. आत फुगलेलं पित्ताशय निघालं. त्यांनी ते कापून खडे काढले, शिवलं आणि जागेवरच ठेवून दिलं. बाई बरी झाली. १८७८ मध्ये मॅरियन सिम्स यांनी असंच ऑपरेशन केलं, पण त्यांची रुग्ण काही दिवसांतच दगावली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांना मात्र यश आलं. पित्ताशयाला छिद्र पाडून आतला माल बाहेर काढायचा, या पद्धतीचा जम बसायला लागला.

आज आजोबांना लावतात ती नळी याच कल्पनेची नातवंडं आहे. फक्त आता पोट उघडावं लागत नाही.

पण या उपायात एक अडचण होती. काही रुग्णांत छिद्र भरूनच येत नसे, महिनोन्महिने पित्त वाहत राही. आणि ज्यांचं भरून येई, त्यांतल्या अनेकांना खडे परत होत. दुखणं परत येई.

लांगेनबुखला काय दिसलं?

लांगेनबुख या अडचणीवर विचार करत होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की सगळे डॉक्टर आजाराने तयार केलेल्या मालाच्या मागे लागलेत, आजाराकडे कोणी बघत नाही. पित्ताशय काढायचं ते त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, तर ते खडे बनवतं म्हणून.

मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर असं. एखादं बिघडलेलं ॲप दर आठवड्याला फोनचं स्टोरेज भरून टाकतं. तुम्ही कॅश साफ करता, फोन पळायला लागतो. आठ दिवसांनी पुन्हा स्टोरेज फुल. साफ करणं चुकीचं नव्हतं, फोन तेव्हा हँग झाला होता, ते करायलाच हवं होतं. पण ॲप फोनमध्येच राहिलं. लांगेनबुखने ॲप अनइन्स्टॉल करायचं ठरवलं.

लगेच प्रश्न आला, अवयव काढला तर माणूस जगेल का? आजही आपल्याकडे आजी हाच प्रश्न विचारते, पिशवी काढल्यावर पचन कसं होणार? लांगेनबुखने याचं उत्तर निसर्गात शोधलं. घोड्याला पित्ताशय नसतं. हत्तीलाही नसतं. दोघंही धडधाकट जगतात. काही माणसं जन्मतःच पित्ताशयाशिवाय असतात, हेही नोंदलेलं होतं. शिवाय सतराव्या शतकातच इटलीत झांबेक्कारी यांनी कुत्र्यांचं पित्ताशय काढून ते जगतात हे दाखवलं होतं. म्हणजे पित्ताशय उपयोगी आहे, पण त्याच्याशिवाय जगता येतं. ते नसलं की पित्त साठत नाही, थेट आतड्यात झिरपत राहतं.

तरीही त्याने घाई केली नाही. अनेक वर्षं त्याने मृतदेहांवर हे ऑपरेशन करून बघितलं. कुठे चीर द्यायची, नळी कुठे बांधायची, यकृतापासून पिशवी रक्तस्राव न होता कशी सोडवायची, हे हाताला बसेपर्यंत.

१५ जुलै १८८२

त्याच्यासमोर आलेला रुग्ण ४३ वर्षांचा होता. सोळा वर्षं पित्ताशयाच्या कळा सोसत होता. वजन खूप उतरलं होतं. दुखणं सहन होत नाही म्हणून मॉर्फिन घेता घेता त्याचं व्यसन लागलं होतं. औषधांनी काही होत नव्हतं.

लांगेनबुखने त्याला काही दिवस आधीच दाखल करून घेतलं, पोट साफ करून तयारी केली आणि १५ जुलै १८८२ रोजी ऑपरेशन केलं. पोटाच्या उजव्या बाजूला वर, इंग्रजी टी अक्षरासारखी चीर दिली. पित्ताशयाची नळी रेशमी धाग्याने बांधली, पिशवी यकृतापासून सोडवली आणि काढून टाकली. पिशवीची भिंत जुन्या सुजेने जाड झाली होती. आत कोलेस्टेरॉलचे दोन खडे होते. सोळा वर्षांच्या यातना, आणि माल फक्त दोन खडे.

दुसऱ्या दिवशी रुग्णाला ताप नव्हता, दुखणं नावापुरतं होतं आणि तो चक्क सिगार ओढत होता. बाराव्या दिवशी तो उठून चालायला लागला. सहा आठवड्यांनी घरी गेला तेव्हा वजन वाढलं होतं आणि कळा थांबल्या होत्या. तेव्हा लांगेनबुख छत्तिसाव्या वर्षात होता.

जगाने लगेच मान्य केलं का?

नाही. लांगेनबुखने त्याच वर्षी बर्लिनच्या वैद्यकीय साप्ताहिकात ही केस छापली, पण विरोध झाला. इंग्लंडचे नामवंत सर्जन लॉसन टेट छिद्र पाडून खडे काढण्याच्या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होते. अख्खा अवयव काढणं त्यांना मूर्खपणाचं वाटत होतं.

पुढे आकडे बोलायला लागले. १८८६ पर्यंत छिद्र पाडण्याच्या ३३ ऑपरेशन्सचा हिशेब झाला, त्यांत २७ टक्के रुग्ण दगावले होते. तोवर पित्ताशय काढण्याची ८ ऑपरेशन्स झाली होती आणि एक रुग्ण दगावला होता. आकडे लहान होते, तुलनाही सरळ नव्हती, पण दिशा कळत होती. १८९० पर्यंत २७ सर्जननी ४७ वेळा पित्ताशय काढलं होतं.

लांगेनबुखने यकृत आणि पित्ताशयाच्या सर्जरीवर दोन खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला, तो १८९०च्या दशकात प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडाच्या ऑपरेशनसाठी चीर देण्याची त्याची पद्धतही त्याच्या नावाने ओळखली गेली. ९ जून १९०१ रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी, बर्लिनमध्ये त्याचं निधन झालं.

याच काळात आपलं शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मची भूल किती सुरक्षित आहे हे तपासायला हैदराबादेत दोन आयोग बसले, आणि त्याला निजामाने पैसा दिला. त्यांचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, पण ऑपरेशनची भीती कमी कशी करायची या जगभरच्या खटपटीत दख्खनचाही हात होता.

टीपासून चार छोट्या छिद्रांपर्यंत

पुढची शंभर वर्षं पित्ताशय मोठी चीर देऊनच निघत होतं. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतच एरिश म्यूहे यांनी पोटात दुर्बीण घालून, छोट्या छिद्रांतून पित्ताशय काढलं. त्यांनाही आधी टीकाच सोसावी लागली, मान नंतर मिळाला. १९८७ मध्ये फ्रान्सचे फिलिप मूरे यांनी हे केलं आणि मग ही पद्धत झपाट्याने पसरली. भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी ती सुरू केली. आपल्याकडे आज ज्याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात ते हेच. तंत्र बदललं, पण मूळ कल्पना लांगेनबुखचीच: पिशवी काढा.

मग आजोबांना नळी का लावली?

कारण त्या रात्री आजोबांचं शरीर ऑपरेशन सोसण्याच्या स्थितीत नसावं. शुगर चढलेली, हृदय कमजोर, रक्तदाब पडलेला, किडनीवर ताण. अशा वेळी भूल देणंच धोक्याचं असतं. म्हणून डॉक्टर त्वचा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, यकृतातून एक सुई पित्ताशयात घालतात आणि तिच्या मार्गाने साधारण ३ मिलिमीटर जाडीची नळी आत ठेवतात. नळीचं आतलं टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल वळतं, म्हणून तिला पिगटेल म्हणतात. वळलेल्या टोकामुळे ती सहज निसटत नाही. पू बाहेर येतो, दाब उतरतो, जीव वाचतो.

पण आत काय राहिलं? पिशवी तीच, खडे तेच, अरुंद नळी तीच. खडा पुन्हा अडकला की सूज पुन्हा येणार. हेच लांगेनबुखने सांगितलं होतं.

आज याचा चांगला अभ्यास झालाय. नेदरलँड्समधल्या ११ हॉस्पिटल्सनी ऑपरेशनचा धोका जास्त असलेल्या रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचं दुर्बिणीने पित्ताशय काढलं, दुसऱ्याला नळी लावली. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पित्ताचा त्रास परत झाला तो ऑपरेशनच्या गटात ५ टक्के लोकांना आणि नळीच्या गटात ५३ टक्के लोकांना. मोठी गुंतागुंत १२ टक्के विरुद्ध ६५ टक्के. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठोस फरक सापडला नाही. एक लक्षात ठेवा, ज्यांची प्रकृती अगदीच ढासळली होती असे रुग्ण या अभ्यासात घेतलेच नव्हते. म्हणजे नळी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. वय झालंय एवढ्या कारणावरून ऑपरेशन टाळू नये, असा आहे.

ज्यांचं ऑपरेशन होऊच शकत नाही त्यांच्यासाठी आता आणखी एक वाट आहे. तोंडातून एंडोस्कोप घालून पोटाच्या आतूनच पित्ताशयाला धातूच्या जाळीची वाट करून देतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८० रुग्णांच्या अभ्यासात या पद्धतीनंतर वर्षभरात सूज परत आली ती सुमारे ३ टक्क्यांना, बाहेरच्या नळीनंतर २० टक्क्यांना. ही सोय सगळीकडे नसते आणि त्यासाठी खास प्रशिक्षण लागतं.

लांगेनबुखचं सगळंच बरोबर होतं का?

पूर्ण नाही. खडे बनण्यात यकृताचाही हात असतो, हे आता माहीत आहे. पित्तातच कोलेस्टेरॉल जास्त उतरलं तर खडे धरतात. म्हणून क्वचित पिशवी काढल्यावरही पित्तनलिकेत खडा सापडतो. दुसरं म्हणजे, सोनोग्राफीत सहज खडे दिसले पण कधीच दुखलं नाही, अशा बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. आणि आयसीयूतल्या काही रुग्णांना खडे नसतानाही सूज येते. त्यांच्या बाबतीत नळीवरच काम भागू शकतं.

घरात असा रुग्ण असेल तर

* डिस्चार्ज कार्डाचे आणि सोनोग्राफी रिपोर्टचे फोटो काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या डॉक्टरला पहिला प्रश्न हाच असतो.
* नळी लावल्यावर डॉक्टरांना थेट विचारा: ही तात्पुरती सोय आहे का? ऑपरेशन कधी? होणार नसेल तर का? प्रकृती सावरली तर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी ऑपरेशनचा विचार होतो.
* ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये रिमाइंडरसह टाका. बरं वाटतंय म्हणून तारीख चुकवणं, इथेच बहुतेक घरं फसतात.
* नळी घरी ओढू नका, कापू नका. तिच्याभोवती वाट पक्की व्हायला काही आठवडे लागतात. आधीच निघाली तर पित्त पोटात सांडतं. नळी निसटली तर लगेच दवाखाना गाठा.
* थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणं, उजव्या बरगडीखाली न थांबणारं दुखणं, उलट्या: यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.
* खर्चाची काळजी असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.
* व्हॉट्सॲपवर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पडल्याचे व्हिडिओ फिरतात. शौचातून पडतात त्या हिरव्या गोळ्या बहुधा त्याच तेलाच्या साबणासारख्या गुठळ्या असतात. खडे जागेवरच राहतात.

लांगेनबुखच्या त्या रुग्णाने सोळा वर्षं वाट बघितली, कारण तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आपल्या आजोबांना तो आहे. नळीने आजोबांना त्या रात्री वाचवलं, ते काम तिने चोख केलं. पुढचं काम शिल्लक आहे का, हे विचारायचं मात्र आपल्यालाच लक्षात ठेवावं लागेल.

ही माहिती समजण्यासाठी आहे, उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या. आणि घरच्या ग्रुपवर ही गोष्ट नक्की पाठवा, कोणाच्या तरी कॅलेंडरमध्ये एक रिमाइंडर लागेल.